अलाइनमेंट करूनही गाडी एका बाजूला ओढते? शोध कुठून सुरू करायचा

गाडी डावीकडे ओढते म्हणून अलाइनमेंट केलं. मशीनच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे आले. बाहेर पडून सरळ रस्त्याला लागलात, स्टिअरिंगवरची पकड जरा सैल केली आणि गाडी परत डावीकडेच निघाली. याहून वैताग आणणारा प्रकार म्हणजे काही महिने ठीक चालते आणि मग पुन्हा तेच सुरू होतं. बहुतेक जण अशा वेळी त्याच दुकानात परत जातात, पुन्हा अलाइनमेंट होतं, पुन्हा आकडे हिरवे.

यात मशीनही खोटं बोलत नसतं आणि तुमचा हातही. मशीन उभ्या गाडीच्या चाकांचे कोन मोजतं. टायरच्या आत काय झालंय, एखादा ब्रेक अर्धवट धरून बसलाय का, ब्रेक मारल्यावर लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) मागे सरकतो का, यातलं काहीच त्याला दिसत नाही. ओढ तर चालत्या गाडीतच जाणवते. त्यामुळे अलाइनमेंटचा नंबर टायर, ब्रेक आणि सैल झालेले भाग तपासून झाल्यावरच लागायला हवा. आणि त्याही आधी एक प्रश्न सोडवायचा असतो, ज्याला पाना-जॅक काही लागत नाही: गाडी नेमकी कधी ओढते?

आधी ओढ आहे का ते बघा

दोन वेगळ्या तक्रारी एकाच नावाने सांगितल्या जातात. पहिली, गाडी सरळ जाते पण तेव्हा स्टिअरिंग वाकडं असतं. दुसरी, स्टिअरिंग सरळ असो की वाकडं, हात सैल केला की गाडी एका बाजूला सरकते आणि तिला सरळ ठेवायला सतत जोर लावावा लागतो. पहिली तक्रार जवळजवळ नेहमी टो (वरून पाहिल्यावर चाकं किती आत किंवा बाहेर वळलीत तो कोन) किंवा मागच्या चाकांच्या दिशेची असते आणि अलाइनमेंटने सुटते. खरी ओढ म्हणजे दुसरी. मनगटाला जोर जाणवत नसेल आणि नुसतं स्टिअरिंग तिरकं दिसत असेल, तर खालचा बराच मजकूर तुमच्यासाठी नाही.

मग रस्ता. पाणी वाहून जावं म्हणून रस्ते मधोमध उंच आणि कडेला उतरते बांधलेले असतात, साधारण दोन टक्क्यांच्या आसपास उतार असतो. जिथे वाहतूक डाव्या बाजूने चालते तिथे निर्दोष गाडीही हळूहळू डावीकडे सरकते, उजवीकडून चालते तिथे उजवीकडे. म्हणून चाचणी शक्यतो मोठ्या सपाट मोकळ्या जागेत घ्या. ती नसेल तर दुभाजक असलेल्या रिकाम्या रस्त्यावर, जिथे लेनगणिक उतार बदलतो, वेगवेगळ्या लेनमधून गाडी चालवून बघा. उताराप्रमाणे ओढीची बाजू बदलत असेल तर दोष रस्त्याचा. कुठल्याही लेनमध्ये गाडी एकाच बाजूला जात असेल तर पुढे वाचा. हात स्टिअरिंगपासून दूर नेऊ नका. बोटं टेकलेली राहू द्या, नुसती पकड सोडा. वारा सुटलेल्या दिवशी ही चाचणी घेण्यात अर्थ नाही.

बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये लेन सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. चाचणीआधी ती बंद करा. रस्त्यावरच्या जुन्या पुसट पट्ट्या वाचून ती स्वतःच स्टिअरिंग हलवते आणि माणूस टायर बदलत बसतो.

आता चार वेळा लक्ष द्या: एकसारख्या वेगात जाताना, ब्रेक दाबताना, जोरात अॅक्सिलरेटर देताना आणि वळण घेऊन सरळ झाल्यावर. या चारांपैकी कुठे ओढते, आणि गाडी थंड असताना ओढते की काही अंतर चालून तापल्यावर, एवढं कागदावर लिहिलंत तर अर्धं निदान झालं. सोबत हेही लिहा की त्रास सुरू होण्याच्या आधी गाडीला काय झालं होतं. नवे टायर, टायर रोटेशन, मोठा खड्डा, ब्रेक पॅड बदलले, क्लच-गिअरबॉक्सचं काम निघालं, स्टेपनी लावली. ओढ आपोआप आली असं लोक सांगतात, पण खोदून विचारलं की यातलं काहीतरी निघतंच.

टायर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

सतत, एकसारख्या वेगातही ओढत असेल तर पहिला संशयित टायर. हवा टायर थंड असताना तपासा. गाडी चालवून पंपावर पोचेपर्यंत टायर तापतो आणि आकडा काही पीएसआयने वर जातो, शिवाय ज्या बाजूला ऊन पडलंय तिथे आणखी वर. पुढच्या दोन चाकांमध्ये हवेचा फरक असेल तर गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते, कारण तो टायर जास्त दबतो आणि त्याचा रोध वाढतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या किंवा इंधनाच्या झाकणामागच्या स्टिकरवर असतं. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा त्या टायरची कमाल मर्यादा असतो, तो भरायचा नसतो. हवा भरल्यावर ओढ गेली आणि काही आठवड्यांनी परत आली, तर अलाइनमेंट बिघडलेलं नाही. त्या चाकात बारीक पंक्चर आहे, व्हॉल्व्ह गळतोय, किंवा रिमच्या कडेला गंज आहे. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

पुढच्या दोन्ही टायरांचा आकार, कंपनी, नक्षी आणि झीज बघा. एक नवा आणि एक अर्धा झिजलेला टायर एकाच अॅक्सलवर असला की दोघांचा घेर वेगळा, पकड वेगळी. मग गाडीने ओढलं नाही तरच नवल. हात टायरवरून आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखी धार लागत असेल तर ती टोच्या बिघाडाची झीज. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड खाल्ली असेल तर बहुधा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव), कधी कधी टोसुद्धा. कुठे फुगवटा दिसला किंवा हळू चालताना स्टिअरिंग डावी-उजवीकडे डुलत असेल, तर टायरच्या आतला पट्टा सुटला असण्याची शक्यता आहे. असा टायर कुठल्याच चाकावर ठेवू नका.

आता तो दोष, जो डोळ्यांना दिसत नाही आणि ज्यापायी सर्वांत जास्त अलाइनमेंट वाया जातात. रेडियल टायर बनताना आतले स्टीलचे पट्टे किंचित एका बाजूला बसले, तर टायरची एक कड दुसरीपेक्षा ताठ होते. वरून तो अगदी गोल, बॅलन्सिंगला चोख, पण चालताना शंकूसारखा वागतो. कागदी पेला टेबलावर आडवा ठेवून ढकलला तर तो सरळ न जाता निमुळत्या बाजूला वळत जातो, तसंच. या दोषाला कोनिसिटी म्हणतात आणि तो नव्याकोऱ्या टायरमध्येही असू शकतो. म्हणून "टायर नवे आहेत, त्यांचा काही प्रश्न नाही" हे वाक्य ऐकलं की मला आधी टायरचाच संशय येतो.

याची चाचणी सोपी आणि फुकट आहे. पुढचं डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावा, बाकी कशालाही हात लावू नका, आणि त्याच रस्त्यावर तशीच गाडी चालवा. ओढीची बाजू उलटली, तर दोष या दोन टायरांपैकी एकात आहे. ओढ नाहीशी झाली किंवा बरीच कमी झाली, तरी टायरच. काडीचाही फरक पडला नाही, तर टायरांना निर्दोष सोडा आणि पुढे जा. टायर सापडला तर दोघांतला नेमका कोणता हे कळायला पुढचं एक चाक त्याच बाजूच्या मागच्या चाकाशी बदला. ओढ गेली तर आत्ता मागे गेलेलाच गुन्हेगार. मागच्या अॅक्सलवर या दोषाचा परिणाम फारच कमी जाणवतो, त्यामुळे पट्टा सुटलेला नसेल आणि टायर बाकी चांगला असेल तर तो मागे ठेवून चालतं. फक्त पुढच्या रोटेशनला तो पुन्हा पुढे येणार आणि तुम्हाला वाटणार की गाडी परत बिघडली. खडूने किंवा रंगाने त्यावर खूण करून ठेवा.

टायरच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावी-उजवी अदलाबदल करू नका, दोन्ही बाजूंची पुढची-मागची चाकं बदलून बघा. जॅक लावण्याआधी हँडब्रेक ओढा आणि विरुद्ध बाजूच्या चाकाला अडणी लावा. नट एकाआड एक, ताऱ्यासारख्या क्रमाने आवळा, आणि थोडं अंतर चालवून पुन्हा तपासा.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. काही दुकानांत टायरची ओढ कॅम्बर किंवा कास्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे-पुढे झुकाव) मुद्दाम थोडं बदलून मारतात. गाडी सरळ जाते, गिऱ्हाईक खूश. मग टायर झिजतात, नवे बसतात, आणि गाडी उलट्या बाजूला ओढायला लागते. "नवे टायर टाकले आणि गाडी बिघडली" या तक्रारीमागे अनेकदा हीच जुनी मलमपट्टी असते. टायरची अदलाबदल आणि अलाइनमेंट एकाच बैठकीत करायचं नाही, याचंही कारण हेच. दोन्ही एकदम केलं तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही, आणि त्रास परत आला की शोध पहिल्यापासून.

अलॉय चाकं किंवा स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) नंतर बसवलेत का? चाकाचा ऑफसेट, म्हणजे ते किती आत-बाहेर बसतं ते, बदललं की ज्या बिंदूभोवती चाक वळतं तो बिंदू आणि टायरचा मध्य यांतलं अंतर बदलतं. त्याला स्क्रब रेडियस म्हणतात. १९७२ मध्ये आलेल्या ऑडी ८० मध्ये हे अंतर मुद्दाम ऋण (वळण्याचा बिंदू टायरच्या मध्याच्या बाहेर) ठेवलं होतं, म्हणजे एका बाजूचा ब्रेक कमी लागला तरी चाकं स्वतःच गाडी सावरतील. पुढे हा विचार पुष्कळ गाड्यांत आला. बाहेर निघालेली रुंद चाकं बसवली की ही सावरण्याची क्षमता जाते, आणि जी छोटी तफावत आधी जाणवतही नव्हती ती स्टिअरिंगला झटके द्यायला लागते. ओढ चाकं बदलल्यानंतर सुरू झाली असेल तर मूळ चाकं लावून एकदा बघा.

ब्रेक धरून बसलेला असतो तेव्हा

गाडी थंड असताना सरळ जाते आणि काही किलोमीटर चालल्यावर ओढायला लागते, हे ऐकलं की ब्रेकचा विचार करा. अडकलेला ब्रेक चालता चालता तापतो, तापला की आणखी धरतो, आणि गाडी त्या बाजूला जाते. सोबत इंधन जास्त लागतं, गाडी उतारावर मोकळी सुटत नाही, एका चाकावर ब्रेकची काळी धूळ जास्त दिसते, कधी जळका वास येतो.

तपासायचं असं. मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ चालवा, शेवटी ब्रेक शक्य तितका कमी वापरून गाडी सावकाश थांबू द्या, आणि उतरून हात चाकाच्या जवळ न्या. जवळ न्या म्हटलंय, लावू नका. धरून बसलेली डिस्क हाताची कातडी काढू शकते. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. तुलना डाव्या-उजव्याची करायची, पुढच्या-मागच्याची नाही. पुढचे ब्रेक तसेही जास्त तापतात. एक बाजू स्पष्टपणे गरम असेल तर गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घेऊन, गिअर न्यूट्रलला टाकून ते चाक हाताने फिरवा. डिस्कला पॅड हलकं घासल्याचा आवाज येणं चालतं. चाक फिरवायला जोर लागणं चालत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नका.

चाक जड असेल तर पुढची पायरी नेमकी करा, कारण इथेच चुकीचा भाग बदलला जातो. कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्लीडर निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचं छोटं तोंड, थोडा सैल करा. थोडं ऑइल उडालं आणि चाक लगेच मोकळं झालं, तर कॅलिपर सुखरूप आहे. आत दाब अडकून राहिला होता. अशा वेळी बहुधा रबरी होज पाइप आतून फुगलेला किंवा सुटलेला असतो. पेडल दाबताना ऑइल त्यातून जोराने जातं, पण परत यायला वाट मिळत नाही. बाहेरून तो पाइप धडधाकट दिसतो. खात्री करायची तर चाक पुन्हा धरेल असं बघा आणि निपलऐवजी होजच्या आधीचा, गाडीकडचा जोड सैल करा. तरीही चाक जडच राहिलं तर होज. तिथे मोकळं झालं तर अडथळा आणखी वर आहे. आणि निपल उघडूनही चाक सुटलंच नाही, तर अडचण यांत्रिक: पिस्टनला गंज चढलाय, सरकत्या पिना सुकल्यात, किंवा पॅडचे कान ब्रॅकेटच्या खाचेत गंजाने रुतलेत.

यातल्या पिना आणि पॅडच्या खाचा हे साफसफाईचं काम आहे. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा. साधं ग्रीस रबराची टोपणं फुगवतं आणि काही महिन्यांत पिन पुन्हा अडकते. ओढ परत परत येण्याचं हे एक हमखास कारण आहे आणि त्याचा दोष उगाच नव्या पॅडच्या माथी जातो. पिस्टनची धूळटोपी फाटली असेल आणि आत गंज असेल तर तो आत ढकलून वेळ मारून नेऊ नका, कॅलिपर दुरुस्त करा किंवा बदला. होज बदलायचा तर दोन्ही बाजूंचा बदला, दुसऱ्याचं वयही तेवढंच असतं. काढलेला कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवायचा नाही. सांडलेलं ब्रेक ऑइल रंगावरून लगेच पाण्याने धुवा. जोड उघडला म्हणजे शेवटी ब्रेकच्या नळ्यांतली एअर (हवा) काढणं आलंच. हे काम हातखंडा असलेल्याकडूनच करून घ्या.

मागचं एक चाक गरम निघालं तर आधी हँडब्रेकची केबल बघा. तिचं आवरण फाटून आत पाणी गेलं की ती ओढली जाते पण परत येत नाही.

फक्त ब्रेक मारतानाच ओढते

हे वरच्यापेक्षा वेगळं प्रकरण आहे आणि इथे निदान उलटं होतं. गाडी ज्या बाजूचा ब्रेक जास्त लागतो तिकडे ओढते. म्हणून उजवीकडे ओढत असेल तर पुष्कळदा उजवा ब्रेक आपलं काम करत असतो आणि डावा आळशी झालेला असतो. रिकाम्या रस्त्यावर काही मध्यम ब्रेक मारून तापमान बघा: या वेळी थंड राहिलेली बाजू दोषी. तिथे पिस्टन हलत नाही, पिना अडकल्यात, होज आतून बंद झालाय, किंवा पॅडवर तेल-ग्रीस आलंय. ड्राइव्हशाफ्टचं (इंजिनची ताकद चाकाला नेणाऱ्या दांड्याचं) रबरी बूट फाटलं की त्यातलं ग्रीस गरगरत बाहेर पडतं आणि सगळीकडे उडतं, डिस्कवरही. तेल पडलेलं पॅड घासून साफ होत नाही. दोन्ही बाजूंचे पॅड बदला आणि गळती बंद करा, नाहीतर नवे पॅडही त्याच वाटेने जातील.

दोन्ही बाजू सारख्याच तापल्या आणि तरी ब्रेक मारताना गाडी हिसका देते? मग ब्रेक सोडा आणि लोअर आर्मचं मागचं बुश (जोडातलं रबर) बघा. ब्रेक लागला की रस्ता चाकाला मागे ढकलतो, आणि फाटलेलं बुश आर्मला मागे जाऊ देतं. त्या क्षणी त्या एका चाकाचा कास्टर आणि टो बदलतो. गाडी उभी राहिली की सगळं जागेवर. म्हणून अलाइनमेंटच्या मशीनवर हा दोष कधीच पकडला जात नाही. खाली लोखंडी पहार लावून बुश दाबून बघावं लागतं. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्समधून पुढे निघताना 'टक' असा एकच आवाज येत असेल तर शंका पक्की धरा. टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) सैल असेल तरी असंच होतं. टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंटमध्ये (आर्म आणि चाकामधल्या गोल सांध्यात) प्ले, म्हणजे सैलपणा, निघाला तर तो बदलेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

अॅक्सिलरेटर दिल्यावर ओढते

पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या अनेक गाड्यांत डावा आणि उजवा ड्राइव्हशाफ्ट लांबीने वेगळे असतात. जोरात अॅक्सिलरेटर दिला की दोघांचे कोन वेगळे होऊन स्टिअरिंग थोडं ओढलं जातं. हा रचनेचा स्वभाव आहे, दुरुस्तीचा विषय नाही. पूर्वी एवढं ओढत नव्हती आणि आता ओढते, तर इंजिन माउंट, पुढच्या टायरांची असमान झीज आणि बुश बघा. अॅक्सिलरेटर दिल्यावर एका बाजूला आणि सोडल्यावर उलट बाजूला जाते, असं मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत झालं, तर मागच्या अॅक्सलला धरून ठेवणारे आर्म किंवा त्यांची बुशं सैल आहेत. मागचा अॅक्सल स्वतःच स्टिअरिंग करतोय. हे पुढे ढकलायचं काम नाही.

आता अलाइनमेंट, पण कागद वाचून

टायर निर्दोष, ब्रेक मोकळे, बुश-जॉइंट घट्ट. एवढं झालं की मशीनवर जा. आणि तिथे मिळणारा प्रिंट वाचायला शिका.

ओढ आणणारे कोन दोन: कॅम्बर आणि कास्टर. चाक वरून बाहेर झुकलं तर कॅम्बर धन, आत झुकलं तर ऋण. झुकलेलं चाकही त्या कागदी पेल्यासारखंच एका बाजूला वळू बघतं, म्हणून गाडी जास्त धन कॅम्बरच्या बाजूला ओढते. कास्टर म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस बाजूने पाहिल्यावर किती मागे झुकलाय. गाडी कमी कास्टरच्या बाजूला ओढते. दोन्हींत महत्त्वाचा असतो डाव्या-उजव्यातला फरक. साधारण अर्ध्या अंशाच्या पुढे, म्हणजे ३० मिनिटांच्या पुढे फरक गेला की ओढ जाणवायला लागते. खरी मर्यादा तुमच्या गाडीच्या माहितीपुस्तकातली. मशीन हिरवा रंग प्रत्येक चाकाला वेगळा देतं. डावं चाक मर्यादेच्या एका टोकाला आणि उजवं दुसऱ्या टोकाला असेल तर दोन्ही हिरवे दिसतात आणि गाडी मस्त ओढते. म्हणून रंग बघू नका, वजाबाकी करा.

कास्टरचा आकडा खरंच मोजलाय का तेही बघा. तो मोजायला चाकं दोन्ही बाजूंना ठरावीक अंशात वळवावी लागतात, आणि घाई असली की ही पायरी वगळली जाते. प्रिंटवर कास्टरचा रकाना कोरा असेल तर ओढीच्या दोन मुख्य कोनांपैकी एक तपासलाच गेलेला नाही.

पुढच्या चाकांचा टो मात्र गाडी ओढत नाही. चालताना तो दोन्ही चाकांत आपोआप वाटला जातो. त्याच्या बिघाडाने टायर खाल्ले जातात आणि स्टिअरिंग वाकडं बसतं. गंमत अशी की पुष्कळ छोट्या गाड्यांत फक्त हाच कोन बदलता येतो. कॅम्बर-कास्टरला कारखान्याने बोल्टच दिलेला नसतो. मग दुकानात टो नीट होतो, पैसे घेतले जातात, आणि ओढ जिथल्या तिथे. मागच्या चाकांचा टो असमान असेल तर गाडी तिरकी चालते आणि तिला सरळ नेताना स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. म्हणून अलाइनमेंट चारही चाकांचं करा.

बदलता न येणारा कॅम्बर किंवा कास्टर चुकलेला असेल, तर काहीतरी वाकलंय, सरकलंय किंवा खचलंय. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंना टेपने मोजा. एक बाजू खाली असेल तर स्प्रिंग बसली किंवा तुटली. डाव्या आणि उजव्या बाजूला पुढच्या ते मागच्या चाकाच्या मध्याचं अंतरही मोजा. फरक निघाला तर खड्ड्यात आर्म मागे वाकला असेल. (फरक म्हणजे दोष असंच नाही. रेनो ४ या जुन्या फ्रेंच गाडीत मागचे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) एकापुढे एक बसवल्याने दोन बाजूंच्या व्हीलबेसमध्ये ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त तफावत मुळातच होती, आणि ती सरळ चालायची.)

प्रिंटवर एसएआय नावाचा कोन (चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस समोरून पाहिल्यावर किती आत झुकलाय तो) असेल तर तो सोनं आहे. कॅम्बर आणि एसएआय यांची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी, पण कॅम्बर वेगळा, असं असेल तर पुढची सबफ्रेम (आर्म जिला जोडलेले असतात ती खालची चौकट) किंवा स्ट्रटचा (स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बरच्या खांबाचा) वरचा भाग जागेवरून सरकलाय. बेरीजच वेगळी असेल तर स्ट्रट किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकलंय. क्लच-गिअरबॉक्सच्या कामात सबफ्रेम खाली उतरवली जाते आणि परत बसवताना काही मिलिमीटर इकडे-तिकडे झाली की एका बाजूचा कॅम्बर वाढतो आणि दुसऱ्याचा घटतो. अशी गाडी ओढत असेल तर बोल्ट सैल करून सबफ्रेम मूळ खुणांवर आणणं हाच इलाज. कोणी आर्म वाकवून किंवा तापवून कोन आणतो म्हणाला तर गाडी परत घेऊन या.

सगळं केलं, तरी परत येते

काही महिन्यांनी ओढ परतण्यामागे बुश बसवण्याची पद्धत पुष्कळदा असते. लोअर आर्मचे बोल्ट गाडी हवेत, चाकं लोंबकळत असताना पूर्ण आवळले, तर रबरी बुश पीळ घेऊनच बसतं. गाडी जमिनीवर आली की रबर कायम ताणात राहतं, लवकर फाटतं, आणि तोवर गाडीला एका बाजूला ढकलत राहतं. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर असताना करायचं, हे मेकॅनिकला आधीच सांगा.

उजवं वळण घेतल्यावर उजवीकडे ओढते आणि डावं घेतल्यावर डावीकडे, ही जातच निराळी. इथे काहीतरी घट्ट आहे: स्ट्रटचं वरचं बेअरिंग, नवा बसवलेला बॉल जॉइंट, किंवा स्टिअरिंगच्या दांड्याचा गंजलेला क्रॉस (सांधा). स्प्रिंगवर हात ठेवून दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगा. बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग ताण घेते आणि मग एकदम उडी मारते.

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर पुढची चाकं उचलून, घोड्या लावून इंजिन चालू करा. कोणी हात न लावता स्टिअरिंग फिरायला लागलं तर आतला व्हॉल्व्ह बिघडलाय. इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये अलाइनमेंटनंतर किंवा बॅटरी काढल्यावर कोन मोजणाऱ्या सेन्सरला शून्य शिकवावं लागतं, ते स्कॅनरने होतं. काही गाड्यांत हे स्टिअरिंग हलकी ओढ स्वतःच ओळखून उलटा जोर लावतं. अशा गाडीचं खरं कारण दूर केलं की ती आधी उलट बाजूला ओढल्यासारखी वाटते, आणि काही अंतर सरळ चालवल्यावर जागेवर येते.

अलाइनमेंटला जाताना टायरांत थंड असतानाची योग्य हवा भरून ठेवा आणि डिकीतलं जड सामान काढा. एरवी गाडीत नेहमीच मोठं ओझं असतं, तर मात्र ते राहू द्या. कामाला सुरुवात होण्याआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही प्रिंट मागा. परत ओढलं तर नवा प्रिंट जुन्याशेजारी ठेवा: आकडे तेच असतील तर टायर-ब्रेककडे वळा, आणि एकाच चाकाचे आकडे हलले असतील तर त्या चाकामागचं बुश, स्प्रिंग आणि बोल्ट.